नकाराचे भय आणि दोन आत्मचरित्रे

आमच्या धर्मग्रामातील वाचक मंडळाने गेल्या पावसाळ्यात लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'वर चर्चा ठेवली होती. दहा-बारा मंडळी जमली होती. चर्चा नेहमीच्या वळणाने चालली होती. बाईंचा विनोद, टिळकांचा विक्षिप्तपणा, सोवळ्या-ओवळ्याचे किस्से यांत तासभर निघून गेला. अखेरीस मुंबईच्या एका कचेरीत नोकरी करणारी एक तरुणी म्हणाली, "फादर, मला हे पुस्तक वाचताना स्वतःची लाज वाटली. सोमवारी कचेरीत कुणी विचारलं, काल काय केलंस, तर मी मिस्साला गेले होते असं सांगत नाही. घरी पाहुणे आले होते असं सांगते. मला कुणी काही करणार नाही हे ठाऊक आहे. तरीही तोंडातून शब्द निघत नाही." त्यानंतर बराच वेळ कुणी बोलले नाही. काहींनी माना खाली घातल्या. त्यांत मीही होतो.

त्या मुलीच्या कबुलीमुळे मी 'स्मृतिचित्रे' पुन्हा वाचायला घेतले आणि त्याच्या जोडीला बाबा पदमनजी यांचे 'अरुणोदय'ही काढले. ख्रिस्ती श्रद्धा दुसऱ्याला सांगताना मनात जे नाकारले जाण्याचे भय दाटते, त्याला आपल्या साहित्याने कसे तोंड दिले आणि त्यावर त्या साहित्याची साक्ष कितपत ऐकली गेली, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे. ही दोन्ही पुस्तके प्रॉटेस्टंट परंपरेतील आहेत. आपल्या कॅथलिक समाजाचा प्रश्न तपासण्यासाठी ती का घ्यावी लागतात, हे पुढे येईलच.

हे भय मुळीच नवे नाही. चारही शुभवर्तमानांत पेत्राच्या नकाराची हकिकत आलेली आहे. प्रमुख याजकाच्या अंगणात, शेकोटीच्या उजेडात, एका दासीच्या साध्या प्रश्नापुढे प्रेषितांचा अग्रणी डळमळतो. त्या क्षणी त्याच्यासमोर न्यायासन नसते की तलवार उगारलेली नसते. त्याच्या गालीली बोलीवरून तो कोण हे उघड झालेले असते आणि तरीही तो नाही म्हणतो. मार्ककृत शुभवर्तमान पेत्राच्या प्रवचनांच्या आधारे लिहिले गेले, अशी दुसऱ्या शतकापासूनची परंपरा आहे. ती ग्राह्य धरली, तर पेत्राची ही नामुष्की जगाला कळली ती खुद्द पेत्रानेच ती ठिकठिकाणी सांगितली म्हणून, असे मानावे लागते. म्हणजे ज्याने ख्रिस्त सांगितला, त्याने आपले भयही त्यासोबतच सांगितले. समीक्षेसाठी मला येथे एक निकष सापडतो. साक्ष देणारा आपल्या भयाचे काय करतो, ते झाकतो, त्याचे युक्तिवादात रूपांतर करतो की ते श्रोत्यासमोर मोकळेपणी ठेवतो, हे पाहावे.

बाबा पदमनजी (१८३१-१९०६) हे बेळगावच्या कासार घराण्यातले. मिशनच्या शाळांतील शिक्षण, मुंबईतील वास्तव्य, १८५४ साली बाप्तिस्मा, १८५७ साली विधवांच्या दुःस्थितीवरील 'यमुनापर्यटन' आणि १८८८ साली 'अरुणोदय' हे स्वचरित्र, असा त्यांच्या जीवनाचा आलेख आहे. मराठीतील आरंभीच्या आत्मचरित्रांत 'अरुणोदय'चे स्थान निर्विवाद आहे. एकोणिसाव्या शतकातील सुशिक्षित तरुणाच्या मनाची घालमेल इतक्या निकटतेने नोंदवणारी पुस्तके थोडीच.

या घालमेलीचा सर्वांत बोलका भाग परमहंस सभेचा आहे. १८४९च्या सुमारास मुंबईत स्थापन झालेल्या या सभेत दादोबा पांडुरंग यांच्यासारखे विद्वान होते आणि तरुण बाबाही तिचे सभासद होते. जातिभेद मानायचा नाही, ही तिची प्रतिज्ञा. सभासद होणाऱ्याला ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खावा लागे. मात्र हे सारे बंद दाराआड चाले. सभासदांची संख्या पुरेशी वाढली की मग उघड व्हायचे, असा बेत होता. तो दिवस उगवलाच नाही. १८६०च्या सुमारास सभासदांची यादी चोरीस गेली, नावे बाहेर फुटणार म्हणून घबराट पसरली आणि सभा मोडली. पुढे तिच्यातील काही मंडळी १८६७ साली स्थापन झालेल्या प्रार्थना समाजात दिसतात, हे तिचे ऋण मान्य केले पाहिजे. तथापि दिवसा शेंडी-गंधात वावरणाऱ्या आणि रात्री पाव खाणाऱ्या त्या प्रामाणिक माणसांकडे पाहताना रात्री येशूकडे आलेला निकदेम आठवल्यावाचून राहत नाही. आपली कचेरीतली मुलगी काय वेगळे करते?

बाबा पदमनजी या कोंडीतून बाहेर पडले. ख्रिस्त मनाला पटल्यानंतरही आईवडिलांचे दुःख आणि जातीचा बहिष्कार यांच्या धास्तीने उघड स्वीकार कसा लांबत गेला, हे त्यांनी लपवलेले नाही, ही त्यांची थोरवी. मग 'अरुणोदय' आज मोजक्या अभ्यासकांपुरते का उरले? केवळ भाषा जुनी झाली हे कारण मला पुरेसे वाटत नाही. कारण पुस्तकाच्या नावातच आहे. अरुणोदय म्हटले की त्यामागचे सारे आयुष्य रात्र ठरते. त्या रात्रीत आईची व्रते आली, वडिलांचे देवघर आले, शेजारीपाजारी आणि सणवार आले. लेखक त्यांचे वर्णन बारकाईने करतो, परंतु पुष्कळदा पुराव्यासारखे करतो. ज्यांना सोडून तो निघाला, त्यांचा नकार त्याला अंधाराचाच एक भाग वाटतो. नकार देणाऱ्याच्या बाजूनेही काही तुटत असते, याची जाणीव पानापानांवर डोकावते आणि लगेच प्रतिपादनाखाली दबून जाते. भयाचा येथे युक्तिवाद झाला आहे. त्यामुळे ज्याला आधीच पटलेले आहे त्याचे समाधान होते. ज्याला पटलेले नाही, तो वाचक मात्र आपल्या घराला रात्र म्हणणाऱ्या माणसाजवळ फार वेळ बसत नाही.

हे लिहिताना बाबांचा अधिक्षेप करण्याचा हेतू नाही. ज्याने स्वतः बहिष्काराची किंमत मोजली, त्याला सौम्यपणाचे धडे सुरक्षित खुर्चीतून देणे अशोभनीय होईल. किंमत मोजलेला माणूस आपला निर्णय पुन्हा पुन्हा सिद्ध करू पाहतो, हे स्वाभाविकच आहे. परंतु साहित्यात त्याचा परिणाम काय होतो, हे सांगणे समीक्षकाचे काम आहे.

आता 'स्मृतिचित्रे'कडे वळू. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली आणि डोंगरावरील प्रवचनाने त्यांचे मन जिंकले, ही हकिकत सर्वश्रुत आहे. एखाद्या उपदेशकाने हे आत्मचरित्र रचले असते तर येथेच त्याचा कळस बांधला असता. परंतु ही कथा सांगते कोण? टिळकांची पत्नी, जिने त्या बातमीसरशी हंबरडा फोडला, जिने ख्रिस्त नाकारला आणि ख्रिस्ती झालेल्या पतीबरोबर संसारही नाकारला. १९३४पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकाचे अपूर्वत्व मला येथे वाटते. श्रद्धेची साक्ष जी देते आहे, ती प्रथम नकार देणारी आहे.

तिचा नकार आला कोठून, हेही ती सांगते. १८५७च्या धामधुमीत तिच्या आजोबांना फाशी झाली आणि त्या धक्क्याने तिचे वडील सोवळ्याच्या इतके आहारी गेले की घरात आलेले धान्यच काय, मीठसुद्धा धुऊन घेऊ लागले. आपण हे वाचताना हसतो, कारण बाईंनी ते हसतच सांगितले आहे. पण त्या हसण्यात वडिलांना कमी लेखणे नाही. भेदरलेल्या माणसाने जगाचा स्पर्श टाळण्यासाठी उभारलेली ती तटबंदी होती, हे त्यांनी ओळखले आहे. अशा घरात वाढलेल्या स्त्रीचा नवरा ख्रिस्ती होतो, म्हणजे जवळचे सगळे जग विटाळते. पंढरपूरच्या नातलगांत काढलेले विरहाचे दिवस, लहानग्या दत्तूची काळजी, लोकांची दया आणि टोमणे, हे सारे त्या ज्या तपशिलाने मांडतात, त्यात टिळकांची बाजू राखण्याची घाई कुठेही नाही. पती सत्यासाठी गेला, हे वाचकाला पटते. त्याच वेळी तिच्यावर अन्याय झाला, हेही पटते. ही दोन सत्ये एका पानावर शेजारी नांदू देण्याचे धैर्य धार्मिक लेखनात क्वचित आढळते.

पुढे त्या नगरला येऊन राहिल्या, तरी ख्रिस्ती वस्तीत आपली चूल आणि आपले पाणी त्यांनी निराळे ठेवले. टिळकांनी ते चालू दिले. त्यांच्या शीघ्रकोपी स्वभावाचे वाभाडे काढणाऱ्या या पुस्तकात ही एक गोष्ट मला अतिशय मोलाची वाटते. घरातच नाकारला गेलेला हा माणूस त्या निराळ्या चुलीसकट पत्नीला जवळ करतो. अखेर लक्ष्मीबाईंचे मन पालटले, ते ईश्वरविषयक एखाद्या सिद्धांताने पालटले नाही. जात देवाने केली की माणसाने, या प्रश्नाशी त्या आपल्या आपण झगडल्या, माणसाने केली हे उत्तर त्यांना मिळाले आणि त्या कोणाच्याही हातचे खाऊ-पिऊ लागल्या. १९०० साली राहुरीस त्यांचा बाप्तिस्मा झाला. ज्या पुस्तकात एका फसलेल्या स्वयंपाकाला पानभर जागा मिळते, त्यात या प्रसंगाचा डांगोरा नाही.

यामुळे काय घडले? धर्मोपदेशकाच्या तोंडावर दार लावणारा १९३४चा ब्राह्मण वाचक लक्ष्मीबाईंसमोर ऐसपैस बसला आणि आजही बसतो. कारण त्याचा नकार त्याच्याहून चांगल्या शब्दांत त्यांनी आधीच मांडून ठेवला आहे. ज्याला आपले म्हणणे ऐकून घेतल्याचा विश्वास वाटतो, तो पुढचे ऐकतो. 'अरुणोदय' आणि 'स्मृतिचित्रे' या नावांतला फरक येथे ध्यानात यावा. पहिले नाव रात्र आणि पहाट यांचा निवाडा करते. दुसरे केवळ चित्रे पुढे ठेवते. त्यांत काळोखही आहे आणि उजेडही आहे, पण कोठे काय आहे हे वाचकाने आपल्या डोळ्यांनी पाहायचे आहे.

यावर कोणी असे विचारील की, मग श्रद्धेविषयी मौनच पाळावे काय? संयम आणि मौन यांत गल्लत होऊ नये. पंडिता रमाबाईंचे उदाहरण येथे उपकारक ठरेल. १८८९ साली सुरू झालेल्या शारदा सदनात कोणावरही धर्म लादायचा नाही, हे त्यांचे अभिवचन होते. परंतु स्वतःच्या खोलीत प्रार्थना करताना त्यांनी दार लावून घेतले नाही. मुली आपण होऊन येऊन बसू लागल्या. गदारोळ उठला, १८९३ साली रानडे आणि भांडारकर यांच्यासारखे सल्लागार दूर झाले आणि कित्येक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंनी तरीही दार लावले नाही. कोणाला ओढून आत आणायचे नाही आणि कोणासाठी दार बंदही करायचे नाही, एवढी ती साधी मर्यादा आहे. द्वितीय व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली धर्मस्वातंत्र्याच्या घोषणापत्रात जबरदस्ती आणि अप्रामाणिक मनधरणी यांचा निषेध केला. पोप सहावे पॉल यांनी १९७५ साली शब्दाविना दिलेल्या साक्षीला प्रथम स्थान दिले, परंतु त्या साक्षीचा अर्थ उलगडणारा शब्द अखेर उच्चारलाच पाहिजे, असेही बजावले. पत्रकातला हा विचार रमाबाईंच्या उघड्या दारात कितीतरी आधी उभा होता.

आता आपल्याकडे येतो. आपले पूर्वज सोळाव्या शतकात, पोर्तुगीज अमलात ख्रिस्ती झाले. त्यांच्यापैकी कोणी आपल्या स्नानसंस्काराची हकिकत 'अरुणोदय'सारखी लिहून ठेवली असती, तर आज ती आपला अनमोल ठेवा ठरली असती. भय, लोभ, दडपण की प्रीती, त्यांच्या मनात काय होते हे आपण त्यांच्या तोंडून ऐकू शकत नाही. त्या काळात देवळे पाडली गेली, गोव्यात १५६० साली इन्क्विझिशन आले, हा इतिहास आहे. आपला शेजारी आपल्याकडे साशंकतेने पाहतो, त्या साशंकतेलाही पूर्वज आहेत, हे आपण विसरता कामा नये. म्हणूनच सासष्टीत वावरलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांच्या 'ख्रिस्तपुराणा'चे (१६१६) मोल मला निराळे वाटते. तेथे प्रश्न विचारणारा श्रोता आहे आणि गुरू त्याला मराठी ओवीत उत्तर देतो. सत्तेच्या छायेत लिहिलेल्या ग्रंथातसुद्धा श्रोत्याला तोंड ठेवावे, ही सूज्ञता त्या इंग्रज जेझुइटाने दाखवली. वसईचे संत गोन्सालो गार्सिया यांनी जपानी भाषा आत्मसात करून तेथे दुभाष्याचे काम केले आणि १५९७ साली नागासाकी येथे क्रुसावर प्राण दिला. आपण त्यांचा सण थाटाने साजरा करतो आणि सोमवारी कचेरीत पाहुणे आले होते म्हणून सांगतो.

आपल्या समकालीन लेखनातही हाच संकोच मला जाणवतो. गेल्या तीस-चाळीस वर्षांत वसईच्या ख्रिस्ती लेखकांनी बोली, लग्नगीते, शेतीवाडी, पाणी, हरित वसईचा लढा यांवर अव्वल दर्जाचे लेखन केले, त्याचा मला सार्थ अभिमान आहे. परंतु कथेतला नायक मिस्साला जातो, तेव्हा तेथे त्याच्या अंतःकरणात काय घडते, हे आपण लिहीत नाही. आपण चालीरीतींचे चित्रण करतो आणि श्रद्धेला परिटघडीच्या पोशाखासारखे कपाटात ठेवतो. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुबोध बायबल' मराठी वाचकापुढे ठेवले आणि त्याला साहित्य अकादमीचा सन्मान लाभला. २०२०च्या जानेवारीत उस्मानाबादला भरलेल्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी त्यांची निवड झाली, तेव्हा धर्मगुरू म्हणून त्यांना विरोधही झाला. ते व्यासपीठावर गेले. २०२४ साली ते आपल्यातून गेले. त्यांच्या वाटेने पुढे किती पावले पडली, याचा विचार आपण करावा. देशातील अनेक राज्यांत धर्मांतरविरोधी कायदे आहेत, संशयाचे वातावरण आहे, म्हणून भय अगदीच काल्पनिक नाही, हे मी जाणतो. पण त्या मुलीचे भय त्या कायद्यांचे नव्हते आणि माझेही नव्हते.

माझे म्हणतो, तेव्हा एक कबुली देणे प्राप्त आहे. पूर्वीच्या एका धर्मग्रामात असताना समोरच्या घरातले एक निवृत्त मराठी शिक्षक माझ्याकडे पुस्तके न्यायला येत. हिंदू सद्गृहस्थ, व्यासंगी. त्यांच्या पत्नीचे निधन झाले. महिनाभराने एका संध्याकाळी ते आले आणि पुस्तक न मागता म्हणाले, "फादर, मेल्यानंतर काय, याबद्दल तुमचं स्वतःचं म्हणणं काय आहे? ग्रंथातलं नको." मी त्यांना ज्ञानोबा-तुकोबांचे दाखले दिले, उपनिषदांविषयी बोललो, दोन पाश्चात्त्य तत्त्वज्ञही आणले. ज्या पुनरुत्थानाच्या आशेवर मी माझे आयुष्य ओवाळून टाकले, त्याचा उच्चार मी केला नाही. ते शांतपणे उठले. "तुमचं वाचन फार दांडगं आहे," म्हणाले आणि गेले. त्यांच्या दुःखाचा मी धर्मप्रसारासाठी लाभ घेतो असे त्यांना वाटू नये, म्हणून मी आवरते घेतले, अशी मी अनेक वर्षे स्वतःची समजूत घातली. 'स्मृतिचित्रे' पुन्हा वाचताना ती समजूत टिकली नाही. त्या संध्याकाळी नकार त्यांनी मला दिलेला नव्हता. ते माझ्या दारात येऊन मागत होते आणि रिकाम्या हाताने परत गेले. नाकारले जाण्याच्या भयापोटी मीच एका माणसाला नाकारले होते.

साहित्याच्या दृष्टीने यातून निघणारा निष्कर्ष मला असा दिसतो. आपल्याला अधिक धीट प्रचारकी लेखन नको आहे. ते पुष्कळ झाले आणि ते आपणच वाचतो. लक्ष्मीबाईंप्रमाणे नकार देणाऱ्याला आपल्या पानावर सन्मानाने बसवणारे, आपले भय न झाकणारे आणि तरीही जे ठाऊक आहे ते साध्या मराठीत सांगणारे लेखन हवे आहे. असे लेखन कोणाला पटेल, कोणाला पटणार नाही. पटवणे हे लेखकाचे काम नव्हे, ते त्या वाचकाच्या आणि देवाच्या स्वाधीन आहे.

वाचक मंडळाच्या पुढील बैठकीनंतर ती तरुणी थांबली. एका सोमवारी तिने कचेरीत खरे सांगून टाकले होते. कोणी हसले नाही, कोणी नाक मुरडले नाही. शेजारच्या टेबलावरील बाईंनी एवढेच विचारले, "मिस्सात नेमकं काय करता गं तुम्ही?" आणि तिला काही सांगता आले नाही. "धर्मशिक्षणाच्या वर्गातलं आठवत होतं, पण ते त्यांना सांगण्यासारखं वाटेना," ती म्हणाली. मी तिला उत्तर दिले नाही. त्या बाईंना समजेल असे तूच लिहून काढ आणि आपल्या त्रैमासिकाकडे पाठव, असे सुचवले. तो लेख अद्याप आलेला नाही. तिने तो लिहावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे. तोवर आपल्यापैकी ज्यांची लेखणी तिच्याहून मुरलेली आहे, त्यांनी त्या शेजारच्या टेबलावरील बाईंना उत्तर द्यायला हरकत नाही. त्या निवृत्त शिक्षकांना द्यायचे राहून गेलेले उत्तर मीही लिहायला घेतो आहे.